काचेच्या कडेवरचे दोन ठिपके

ही गोष्ट रात्रीची नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे तुम्ही दिवे घालवून वाचायला बसणार नाही.

दुपारचे चार वाजले होते. गुरुवार होता, कारण माझं दुकान गुरुवारी बंद असतं. जागा माझंच घर. आणि जे घडलं ते माझ्याच हातून घडलं. बायकोला विचारा, ती सांगेल. म्हणजे... सांगेल असं वाटतं.

मी कॅमेरे आणि लेन्स दुरुस्त करतो. गेली काही वर्षं वेगळंच काम जास्त येतं. लोक जुन्या लेन्स आणतात आणि म्हणतात, पुढची काच उलटी बसवून द्या. तशी बसवली की मधला चेहरा नीट येतो आणि मागचं सगळं, पानं, दिवे, उन्हाचे कवडसे, गरगर फिरल्यासारखं धूसर होतं. फोटो स्वप्नातल्यासारखा दिसतो.

"चांगल्या काचा बिघडवण्याचं दुकान," असं बायको म्हणते.

हे काम मला काकांनी शिकवलं. त्यांचा एक नियम होता. काच बाहेर काढण्याआधी, जी बाजू आपल्याकडे आहे तिच्या कडेला पेन्सिलीने बारीक ठिपका ठेवायचा. जितक्या वेळा काढाल तितके ठिपके. म्हणजे काच सुलटी कुठली, उलटी कुठली, घोळ होत नाही.

काका मागच्या वर्षी गेले. एकटेच राहायचे. काकू फार पूर्वी त्यांना सोडून बहिणीकडे गेल्या त्या परत आल्याच नाहीत. का गेल्या, ते घरात कोणी बोलत नसे. फक्त आई एकदा म्हणाली होती, "माणूस लाख चांगला, पण संशयी."

त्यांच्या हत्यारांची पेटी माझ्याकडे आली. तळाशी, मऊ फडक्यात गुंडाळलेली एक लेन्स होती.

मी तिची पुढची रिंग फिरवली. काच सैल झाली. कडेला बघतो तर...

दोन ठिपके. एक या बाजूला, एक त्या बाजूला.

म्हणजे काकांनी ही काच एकदा उलटी केली होती. आणि पुन्हा सुलटी.

मला हसू आलं. आम्हाला शिकवणारे काका स्वतःच्या लेन्सवर मात्र धरसोड करत होते तर! ती का सुलटी केली असेल, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मी तिसरा ठिपका ठेवला आणि काच उलटी केली.

बायको शाळेत शिकवते. सकाळची शाळा, एकपर्यंत घरी. त्या गुरुवारी ती टेबलाशी वह्या तपासत बसली होती. तिच्या मागे दहा-बारा फुटांवर मागचं दार उघडं होतं, बाहेर वेल, वेलीवर ऊन. यापेक्षा चांगली जागा कुठे मिळणार?

"वर बघ जरा."

"लवकर उरक. अजून तीस वह्या आहेत."

फोटो फार सुंदर आला. वेलीची पानं तिच्याभोवती गोल फिरत होती. फक्त दाराच्या चौकटीत एक उभा, काळपट डाग होता.

सावली असेल, म्हटलं.

पुढच्या गुरुवारी पुन्हा फोटो काढला. तीच खुर्ची, तेच दार.

डाग होता. पण आता त्याला खांदे होते...

मी लेन्स पुसली. बुरशी नाही, धूळ नाही. दुसऱ्या कॅमेऱ्याला लावून पाहिली, तरी तेच. मग बायको आत गेल्यावर रिकाम्या खुर्चीचा फोटो काढला.

दार रिकामं.

ती येऊन बसली. मी आणखी एक काढला.

दारात तो होता.

ती नसली की तो नसायचा. खरं तर तेव्हाच घाबरायला हवं होतं. पण मी घाबरलो नाही, माझ्या डोक्यात भलताच किडा वळवळायला लागला. ती एक वाजता घरी येते. मी रात्री आठला. मधले सात तास मागचं दार उघडंच असतं. तिनेच कोणाला तरी उभं केलं असेल, माझी गंमत करायला. किंवा गंमत नसेलही.

आता लिहिताना लाज वाटते. पण तो आठवडाभर मी दुकानातून उगाचच तिला फोन करत होतो. मागे कसला आवाज येतो का, ते ऐकत होतो.

एकदा आला. खुर्ची सरकल्यासारखा.

"कोण आहे गं?"

"कोण असणार? मी आणि वह्या."

तिसरा गुरुवार. फोटो काढला आणि मोठा करून पाहिला.

मग आणखी मोठा केला.

तो माणूस शार्प आला होता. शर्टाचं कापड दिसत होतं. वरचं बटण तुटलेलं, तिथे नुसता दोरा. चेहरा मात्र चौकटीच्या अंधारात.

काच उलटी असली की फोटोच्या कडेला काहीच शार्प येत नाही. येऊच शकत नाही. आणि दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातलं पोरही सांगेल. अशा फोटोत जे जे शार्प असतं, ते सगळं कॅमेऱ्यापासून एकाच अंतरावर असतं. फोकस बायकोच्या पापण्यांवर होता. ती माझ्यापासून पाच फुटांवर.

म्हणजे तोही पाच फुटांवर होता.

दिसत होता लांब, दारात. पण होता... तिच्या खांद्याशी.

इतकं कळूनही मी काय केलं? जीभ आवरली नाही.

"मी दुकानात असताना घरी कोण येतं?"

तिने पेनाला टोपण लावलं.

"पुन्हा म्हण."

मी फोटो दाखवला. तिने बराच वेळ पाहिला. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "अरे, तू माझ्या समोर उभा होतास. माझ्या मागे कोणी आलं असतं तर मला कळलं नसतं. तुला तर दिसलं असतं ना?"

ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि कडी लावून घेतली. आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, कडीचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मी बंद दाराकडे बघत बसलो आणि मला काका आठवले. काकू आठवल्या. ते दोन ठिपके आठवले.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी काकूंच्या गावी गेलो.

मी त्यांना वीस वर्षांनी भेटत होतो. खोली छोटी, स्वच्छ. त्या कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या होत्या, खुर्चीची पाठ भिंतीला घट्ट टेकलेली. मी पिशवीतून फोटो काढायला लागलो. अजून तो बाहेरही आला नव्हता...

"वरचं बटण तुटलंय का रे त्याचं?"

मी नुसती मान हलवली.

"यांनीही असाच आणून दाखवला होता," काकू म्हणाल्या. "विचारलं, कोण येतं घरी? काय सांगणार मी? मला तर तो कधी दिसलाच नाही. फोटोत पाहिला तेवढाच."

"मग?"

"मग काय, दुसऱ्या दिवशी यांनी काच सुलटी केली. माफी मागितली. रडले सुद्धा."

"तरी तुम्ही गेलात?"



"काच सुलटी केली म्हणून तो फोटोतून गेला," त्या म्हणाल्या. "फोटोतूनच."

निघताना त्यांना फोटो उजेडात बघता यावा म्हणून मी त्यांची खुर्ची जरा पुढे घ्यायला गेलो. त्यांनी माझं मनगट धरलं. म्हाताऱ्या हाताला इतका जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"राहू दे. भिंतीला टेकलेलीच बरी."

घरी आलो आणि आधी काच सुलटी केली. चौथा ठिपका. मग बायकोची माफी मागितली, अगदी मनापासून. मागचं पुढचं सगळं सांगितलं नाही. लेन्स खराब होती आणि माझं डोकं फिरलं होतं, एवढंच बोललो. काकूंकडे गेलो होतो हेही सांगितलं नाही.

तिने दोन दिवस धुसफुस केली. मग म्हणाली, "चांगल्या काचा बिघडवता बिघडवता डोकंही उलटं बसवलंस वाटतं." आणि हसली. तिला हसताना पाहून मला रडू फुटायचंच बाकी होतं.

खात्रीसाठी एक फोटो काढला. वेल, ऊन, रिकामं दार. लेन्स फडक्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवली. संपलं, असं मला वाटलं.

काल गुरुवार होता. चार वाजता चहा घेऊन बाहेर आलो. ती वह्या तपासत होती.

टेबल जागेवर नव्हतं. तिने एकटीने ते ओढत दुसऱ्या टोकाला नेलं होतं. आणि खुर्ची...

खुर्चीची पाठ भिंतीला घट्ट टेकलेली होती.

"हे काय गं? इथे उजेड तरी येतो का?"

"येतो पुरेसा." तिने वहीतून मान वर केली नाही. "उगाच आपलं. पाठीला भिंत असली की बरं वाटतं."

मी चहाचा कप तिच्यापुढे ठेवला. आता काही विचारायची माझी हिंमत होत नाही.