निळ्याखालचा गुलाबी

"अहो बाई, आमच्या घराची भिंत का खरवडताय?"

माझ्या हातातलं ब्लेडच पडलं. मागं एक उंच पोरगा दुधाची किटली घेऊन उभा होता... आणि चक्क हसत होता! चोर पकडल्यावर कुणी इतकं गोड हसतं का?

मी घाईघाईनं सगळं सांगून टाकलं. मी पंकजा, नगरची, सिनेमाचे सेट सजवते, आणि एकटीच्या जबाबदारीवरचं हे माझं पहिलंच काम. आठ वर्षांपूर्वी मिरजगावातल्या याच घरात एका सिनेमाचं शूटिंग झालं होतं. आता त्याचा प्रीक्वल, म्हणजे त्यातल्याच जोडीच्या लग्नाची, आधीची गोष्ट येणार होती. जुन्या सिनेमात भिंत निळी, पण एका पोपड्याखाली मला गुलाबी दिसला होता. म्हणजे निळ्याच्या आधीचा रंग तोच, आणि लग्नात भिंत गुलाबीच हवी! दिग्दर्शक निळ्यावर अडून बसले होते. शुक्रवारपर्यंत पटवलं नाही, तर काम दुसऱ्याला जाणार होतं.

"म्हंजे तुमी पोपड्याखालचं बघता," तो म्हणाला. "मानसांचं पन असंच?"

"माणसं मी इतक्यात खरवडत नाही."

त्यानं ब्लेड उचललं आणि स्वतःच खरवडायला लागला. त्याचं नाव हर्षल. निळ्याखालून पिकल्या पेरूसारखा गुलाबी निघाला आणि मी आनंदानं त्याचा हातच धरला. सोडायचं जरा उशिरा सुचलं.

त्याची आई, मालनबाई, मात्र ऐकेनात. त्यांच्याकडे घरात लग्न असेल तरच दर्शनी भिंत गुलाबी होते; त्या नवरी होऊन आल्या तेव्हा झाली होती. हर्षलनं दोन दिवस मनधरणी केली. शेवटी त्या कबूल झाल्या, पण एका अटीवर — शूटिंग संपलं की मी माझ्या हातानं भिंत पुन्हा निळी करायची.

मग आम्ही दोघांनी बादलीत रंग कालवला. तो मुद्दाम चुना जास्त टाकायचा, मी चिडायचे, पुन्हा पहिल्यापासून कालवायचो... आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं! शुक्रवारी दिग्दर्शकांनी मोबाईलवर जुना सिनेमा लावून भिंतीशी ताडून पाहिला. "घर तेच आहे," ते म्हणाले, "फक्त तरुण झालंय." मला उडी मारावीशी वाटली.

पण गुलाबी भिंत पाहून गावानं हर्षलचं लग्नच ठरवून टाकलं. राहात्याची मावशी तर साडी घेऊन हजर! नवरी कुठंय म्हणून तिनं विचारलं, तर हा बेधडक शिडीवरच्या माझ्याकडे बघत राहिला. मालनबाई बिचाऱ्या सिनेमा हाय, सिनेमा हाय म्हणून सांगून थकल्या.

शूटिंग संपलं. सगळे गेले. मी निळ्या रंगात ब्रश बुडवला, पण हात उचलेना.

"लावा की," हर्षल हळूच म्हणाला. "आईला शब्द दिलाय."

"नाही लावायचा मला."

"का?"

"निळा लागला की मला जावं लागेल... आणि मला जायचं नाही, हर्षल. मला तू आवडतोस. लई आवडतोस."

त्याचे कान भिंतीपेक्षा गुलाबी झाले. "मी तर पहिल्याच दिवशी... दूध घालायचं इसरून गेल्तो," तो कसाबसा म्हणाला.

दारात मालनबाई उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे. त्या पुढं आल्या, माझ्या हातातला ब्रश काढून घेतला आणि निळ्या बादलीवर झाकण दाबून बसवलं.

"तुझ्या वडलांचा नंबर सांग," त्या म्हणाल्या.