पलीकडून ऐकू येत नाही

सिरुमान बेटाची लाइन दिवसातून अनेकदा तुटत होती. त्याबद्दल मुख्य कार्यालयाचा मेल आला होता, तो एदेलिना बालासाने सकाळची कॉफी पिता पिता वाचला. एस्टान्सिया बंदराच्या धक्क्याला लागून असलेल्या दूरसंचार केंद्राची ती प्रमुख. खिडकीखाली मासळीच्या पेट्या उतरत होत्या.

लाइन का तुटते हे तिला माहीत होतं. समुद्राखालच्या केबलवर काही बिघडलं की अलार्म येतो, आणि कोणत्या अलार्मने राउटरचा इंटरफेस पाडायचा, म्हणजे केबलचा रस्ता बंद करायचा, हे माणसाने आधी ठरवून द्यायचं असतं. इंटरफेस पडला की बेटाचे सगळे फोन आणि इंटरनेट उपग्रहाकडे वळतात. 'मला इकडे काही ऐकू येत नाही' हा एक अलार्म. दुसरा पलीकडचं टोक पाठवतं: 'तुमचं मला ऐकू येत नाही.' दोन्हींनी इंटरफेस पडावा असं एदेलिनानेच ठरवलं होतं. समोरच्याला ऐकू जात नसेल तर बोलत राहण्यात अर्थ नाही, असं ती नव्या लोकांना शिकवायची. पण हल्ली हा दुसरा अलार्म विनाकारण येऊन जात होता. केबलमधून संदेश घेऊन बेटावर पोचणारा प्रकाश मोजला, तर पुरेपूर भरत होता.

दुपारी बेटावरच्या दवाखान्यातून सुईण लोरेताचा फोन आला. मरिवेलला कळा सुरू झाल्या होत्या. पहिलंच बाळंतपण, त्यात रक्तदाब वाढलेला. समुद्र खवळल्यामुळे होडी सुटत नव्हती, म्हणून जिल्हा इस्पितळातला डॉक्टर पडद्यावरून एकेक गोष्ट सांगत होता. लाइन तुटली की त्याचा चेहरा थिजायचा, आणि ढगांमुळे उपग्रह लवकर हाताला लागत नव्हता. लोरेता म्हणाली, "आता पुन्हा लाइन गेली, तर पोरीला उचलून तुझ्या टेबलावर आणून ठेवीन. मग बस बघत."

एदेलिनाने मानोंग पुलोला फोन लावला. टेकडीवरच्या यंत्रखोलीची राखण करणारा हा म्हातारा. सगळे त्याला मानोंग, म्हणजे थोरला भाऊ, म्हणत. मरिवेल त्याचीच मुलगी. वर जाऊन केबलचं टोक पुसून पुन्हा बसवा, एवढंच काम होतं. तो धापा टाकत चढला. फोन चालूच होता, स्पीकरवर.

यंत्रखोलीच्या दाराशी पारंब्यांचं एक जुनं लुनोकचं झाड आहे. तिथे पोचल्यावर मानोंग थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताबी-ताबी." न दिसणाऱ्यांना वाट मागायची, आणि आतून बरं वाटेपर्यंत उभं राहायचं, ही त्याची नेहमीची रीत. कधी कधी त्यात बराच वेळ जाई.

एदेलिनाचा सहकारी रेनान स्पीकरकडे वाकला. "काय हो मानोंग, साहेब मंडळी जेवायला गेलीत वाटतं?"

खोलीत सगळे हसले. एदेलिनाही हसली.

"मानोंग, ते राहू द्या आता," ती म्हणाली. "तिकडे मरिवेल अडकलीय. आत जा."

पलीकडे पारंब्यांतून वारा सरसरला.

"बरं, इन्दाय," तो म्हणाला. घरच्या लेकीला म्हणावं तसं तो तिला इन्दाय म्हणत असे. "तुम्हा सगळ्यांना ताटकळत ठेवायची मलाही लाज वाटते."

दाराची कडी वाजली. मग अलार्म आला, आणि या वेळी तो गेला नाही. इंटरफेस पडला. मानोंगचा फोन तुटला, डॉक्टरचाही. उपग्रह लागेना. किनाऱ्यावरच्या वायरलेसवर लोरेताचा निरोप आला, की पोरीचे डोळे फिरताहेत, लवकर काहीतरी कर.

एदेलिनाने प्रकाश पुन्हा मोजला. पुरेपूर. अलार्म खोटा होता. इंटरफेस पाडणाऱ्या अलार्मांमधून तिने तो काढून टाकला. एका ओळीचं काम.

इंटरफेस उभा राहिला. डॉक्टर बोलू लागला, लोरेता उत्तरं देऊ लागली. संध्याकाळ व्हायच्या आत लोरेताने फोन लावला आणि बाळाचं रडणं स्पीकरवरून खोलीभर घुमलं. रेनानने टाळ्या वाजवल्या.

मग मानोंगचा फोन आला.

"इन्दाय? टोक पुसून बसवलंय. ऐकताय ना?"

"ऐकतेय. मानोंग, मुलगा झाला. दोघं बरी आहेत."

"हॅलो? इन्दाय, तुमचं ऐकू येत नाही."

तिने पुन्हा सांगितलं. रेनानने आपल्या फोनवरून सांगून पाहिलं. त्याच केबलवरून लोरेता आणि डॉक्टर अजून मजेत बोलत होते.

"कुणीतरी बोलतंय," मानोंग म्हणाला. "पण ते तुम्ही नाही."

रेनानने स्पीकरचा आवाज वाढवला.

"हो," तो हळूच म्हणाला. तिच्याशी नव्हे. "हो, ऐकतोय."

अंधार पडायच्या आत तो आपल्या पायांनी खाली आला. डॉक्टरांना त्याच्या कानांत दोष सापडला नाही. त्याला मात्र कुणाचंच ऐकू येत नव्हतं.

यंत्रखोलीतल्या यंत्राचं कार्ड बदललं. केबलचं टोकही बदललं. अलार्म तसाच राहिला, आणि लाइन अगदी छान चालली. मुख्य कार्यालयाने सगळ्यांना मेल पाठवून एदेलिनाचं कौतुक केलं, सगळ्या बेटांवर हीच व्यवस्था करा म्हणून सांगितलं. तिने उत्तर दिलं नाही. तो अलार्म पुन्हा जागेवर ठेवावा म्हणून तिने अनेकदा ती ओळ उघडली. ठेवला असता तर बेटाची लाइन गेली असती. ती दर वेळी ओळ बंद करी. पडद्यावर लाल अक्षरं असत, तुमचं मला ऐकू येत नाही, आणि त्यांचं काही करायचं नाही असं तिनेच ठरवून दिलं होतं.

मानोंगला भेटायला जाणं तिने लांबवलं. शेवटी पुतो, म्हणजे तांदळाचे वाफवलेले गोड केक, घेऊन बेटावर गेली. काय बोलायचं ते होडीत जुळवलं होतं. मानोंग नातवाला मांडीवर घेऊन दारात बसला होता. तिला पाहून ओशाळवाणं हसला.

"माफ करा हं, इन्दाय. तुम्हाला उगाच त्रास झाला. मला ऐकू येत नाही ना."

तिने तोंड उघडलं. मग लक्षात आलं, की आता बोललं तरी त्याला ऐकू जाणार नाही, आणि तिला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेचीच तिला इतकी लाज वाटली, की तिने मान खाली घातली.

आत मरिवेलच्या हातून पातेलं निसटलं. फरशीवर आदळून ते गरगरत राहिलं. एदेलिना दचकली.

म्हातारा हलला नाही. बाळही नाही.

वारा पडला होता.

मग आजोबा आणि नातू, दोघांनीही एकाच क्षणी मान टेकडीकडे वळवली.