दोरीचं दुसरं टोक

ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. आधी मीही हसले होते.

पण ही माझ्या सख्ख्या मावसबहिणीची गोष्ट आहे आणि ताई खोटं बोलत नाही. तिला ते जमतच नाही. लहानपणी आम्ही दोघींनी मिळून काही उद्योग केला, की ती सगळं खरं सांगून मोकळी व्हायची आणि मार मला बसायचा.

ताईला दिसत नाही. जन्मापासून.

ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डवर काम करते. दिवसाला दोन-तीनशे लोकांशी बोलते. पण ते बोलणं कसलं? "जरा थांबा, जोडून देते." प्रत्येकाला दुसऱ्याच कोणाशी तरी बोलायचं असतं. संध्याकाळी घरी आली की दोन खोल्या, एक रेडिओ आणि ती.

आणि सकाळचं पळणं.

शहराच्या टोकाला मोठा तलाव आहे. त्याच्या मागच्या अंगाला पाणथळ जागा, पक्ष्यांसाठी राखून ठेवलेली. माणसापेक्षा उंच गवत, चिखल, एक लांबलचक बांध आणि त्यातून पळायच्या वाटा. ताई तिथे रोज पळायची. मी बसच्या मागे दहा पावलं पळाले तरी मला धाप लागते, ते सोडा.

तिच्याबरोबर मास्तर असायचे. जवळच्या शाळेत खेळ शिकवणारे, तिच्याहून थोडे लहान. दोघांच्या मध्ये हातभर दोरी. तिच्या दोन्ही टोकांना मनगटात अडकवायचे लूप. एक ताईच्या डाव्या हातात, दुसरा मास्तरांच्या उजव्या. दोरी ओढली गेली तिकडे वळायचं. एक झटका बसला की थांबायचं.

आणि दोन छोटे झटके म्हणजे 'ऐकलं'.

ते मास्तरांनी शोधून काढलं होतं. ताई एकदा बोलत सुटली की थांबायची नाही आणि उत्तर द्यायला मास्तरांना दम पुरायचा नाही. मग ते नुसते दोन झटके द्यायचे. सहा वर्षं असं चाललं होतं. दिवसभरात तिचं बोलणं खरोखर ऐकणारं तेवढंच एक माणूस होतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

गेल्या वर्षीची गोष्ट. थंडी नुकती सुरू झाली होती. मंगळवारी रात्री मास्तरांनी फोनवर सांगितलं, की त्यांना दुसऱ्या शहरात नोकरी लागली आहे. एक तारखेला जाणार.

ताई फार चिडली. खरं तर घाबरली, पण आवाज चिडल्याचा निघाला.

"उद्या माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही. नुसतं पळायचं."

"बरं बाई," मास्तर म्हणाले.

बुधवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी रिक्षाने तिला गेटवर सोडलं. चौकीदार गेट उघडून कुठेतरी आत गेला होता. ताईने नेहमीसारखी काठी घडी करून चौकीच्या खिळ्याला अडकवली, डाव्या मनगटात लूप घातला आणि दोरीचं दुसरं टोक पुढे धरलं.

क्षणभर काहीच नाही.

मग… कोणीतरी ते घेतलं.

दोरी ताणली गेली. दोघं निघाले.

पहिल्या वळणावरच ताईच्या लक्षात आलं, की किल्ल्या वाजत नाहीत. मास्तरांच्या खिशात शाळेच्या सामानाच्या खोलीचा जुडगा असायचा, तो प्रत्येक पावलाला खुळखुळायचा. आज नव्हता. मुद्दाम काढून आलेत, ताई मनात म्हणाली. रुसावं तर असं रुसावं!

पळताना नेहमी कटकट वाजणारा मास्तरांचा गुडघाही आज वाजत नव्हता.

आणखी एक गोष्ट होती. वाटेच्या दोन्ही बाजूंना बेडूक ओरडत होते. उजवीकडचे ओरडतच राहिले. डावीकडचे मात्र… हे दोघं जवळ आले की एकदम गप्प व्हायचे. पुढे गेले की पुन्हा सुरू.

पण दोरी इतकी नेमकी चालली होती! वळण येण्याआधी हलकेच ओढ बसायची, ना जास्त ना कमी. ताई म्हणते, सहा वर्षांत कधी इतकी छान पळाले नव्हते.

बांधावर आल्यावर तिचा राग उतरला. तिला राग फार वेळ धरताच येत नाही.

"काल मी उगाच बोलले," ती पळता पळता म्हणाली. "नोकरी चांगली आहे, जायलाच हवं. पण तुम्ही गेल्यावर माझं काय हो? पळणं राहू द्या. मी बोलू कोणाशी?"

दोरी तशीच ताणलेली राहिली.

मग… दोन छोटे झटके.

ऐकलं.

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती बोलतच राहिली. रात्री घरी किती शांत असतं, रेडिओ बंद केला की कसं होतं, ते सगळं. मला कधी सांगितलं नव्हतं ते. दर थोड्या वेळाने दोन झटके यायचे.

बांध संपतो तिथे फळ्यांचा पूल लागतो. खाली पाणी, दोन्ही बाजूंना पाणी, कठडा नाही. पूल इतका अरुंद की एका वेळी एकच माणूस मावतं. तिथे मास्तर नेहमी पुढे व्हायचे. दोरी समोर जायची, दोघांच्या पायांचे आवाज फळ्यांवर वेगवेगळे यायचे. धप धप. धप धप.

बोलण्याच्या नादात ताई तीस-चाळीस पावलं आत गेली.

धप… धप… धप…

एकाच माणसाचा आवाज. तिचा स्वतःचा.

आणि दोरी समोर नव्हती.

दोरी अजून डावीकडेच होती.

डावीकडे फळी नव्हती. पाणी होतं.

ती जागच्या जागी थांबली. त्याच क्षणी कमरेच्या पिशवीतला फोन वाजला. तिने चाचपडत बटण शोधलं आणि फोन कानाला लावला.

"ताई, रागावू नका हं. गाडी पंक्चर झाली, रिक्षा मिळेना, तुम्हाला फोन लागेना. आत्ता पोचलोय गेटवर. तुमची काठी इथे दिसतेय. तुम्ही कुठे आहात?"

फोनमधून किल्ल्यांचा जुडगा खुळखुळताना ऐकू येत होता.

"ताई?"

"फळ्यांच्या पुलावर."

पलीकडे किल्ल्या वाजायच्या थांबल्या.

"कोणाबरोबर?"

"…माहीत नाही."

"हलू नका. अजिबात हलू नका. मी आलो."

गेटपासून पुलापर्यंत मास्तरांना कितीही पळाले तरी बारा-तेरा मिनिटं लागणार होती. ताई सांगते, तेवढी मिनिटं ती जन्मात विसरणार नाही. पाण्याचा गार वास येत होता. दोरी सैल झाली होती, पण पडली नव्हती. पलीकडे कोणीतरी ती धरून उभं होतं. श्वासाचा आवाज नाही. कपड्यांची सळसळ नाही.

मी तिला विचारलं होतं, "अगं, मग लूप काढून टाकायचास की हातातून!"

"वेडी आहेस का?" ती म्हणाली. "दोरी हातात होती तोवर ते कुठे आहे एवढं तरी कळत होतं."

शेवटी तिनेच तोंड उघडलं. शांतता सहन होईना.

"तुम्ही… रोज पळता इथे?"

दोन झटके.

"एकटेच?"

बराच वेळ काहीच नाही. गवतातून वारा गेला. एक पक्षी फडफडत उडाला.

मग दोन झटके. अगदी हळू.

तेवढ्यात लांबून फळ्या धडधडल्या. किल्ल्यांचा आवाज, मास्तरांच्या हाका. ताईच्या जिवात जीव आला. तिने घाईघाईने मनगटातला लूप ओढून काढला आणि काढता काढता, सहा वर्षं रोज लूप काढताना म्हणायची तेच तोंडातून निघून गेलं.

"चला, उद्या भेटू."

दोन झटके.

ऐकलं.

आणि दोरी एकदम हलकी झाली.

मास्तर एक तारखेला गेले. निघायच्या आदल्या दिवशी ते मला भेटले आणि म्हणाले, "ताईंना सांगू नका. मी लांबून बघितलं. दोरी आडवी होती हो. एकदम सरळ, पाण्यावर. दुसरं टोक… कोणी धरल्यासारखं."

ताई दुसऱ्या दिवशी गेली नाही. त्यानंतर कधीच गेली नाही. पळणं संपलं. हॉस्पिटल आणि घर, घर आणि हॉस्पिटल. मी महिन्यातून एखाद्या रविवारी जायचे, तेही घाईत. दोरी तिने दाराच्या मागे हुकाला अडकवून ठेवली होती.

एकदा पर्स अडकवताना माझा हात तिला लागला. दोरीचं एक टोक ओलं होतं. दुसरं कोरडं ठणठणीत. हाताला चिखलाचा वास आला.

"दोरी धुतलीस का गं?"

"नाही," ती म्हणाली आणि विषय बदलला.

मागच्या शनिवारी मी मुद्दाम तिच्याकडे मुक्कामाला राहिले. झोपताना दोरी चाचपून बघितली. दोन्ही टोकं कोरडी. दाराला आतून कडी, खिडक्या बंद. सकाळी सहाला जाग आली तर ताई अंथरुणात नव्हती. दारापाशी खुर्ची टाकून बसली होती, अंघोळ करून, केस बांधून. मी काही बोलणार तोच तिने हात वर केला.

कसलाही आवाज आला नाही. मी शपथेवर सांगते, काहीही नाही.

दहा मिनिटांनी मी दोरीला हात लावला. एक टोक ओलं होतं. थेंब गळत होते.

"ताई, मी ही फेकून देते. आत्ताच्या आत्ता."

"नको." तिने दोरी माझ्या हातातून काढून घेतली. "मी उद्या भेटू म्हटलं होतं. ते रोज येऊन परत जातं गं." मग जरा थांबून, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "माझ्याकडे रोज येणारं दुसरं आहे कोण?"

मी मान खाली घातली, जणू तिला दिसणारच होतं.

निघताना बाल्कनीत बघितलं. तिचे पळायचे बूट स्वच्छ धुऊन उन्हात ठेवलेले होते.

"पुढच्या रविवारी मला गेटपर्यंत सोडशील?" तिने दारातून विचारलं. किती दिवसांनी तिच्या आवाजात तो जुना उत्साह होता.

मी "बघू" म्हटलं.

आज शनिवार आहे. सकाळपासून तिचे तीन फोन येऊन गेले. मी अजून एकही उचललेला नाही.