बारीक झाल्यावर सांगते

काट्यावर पाय ठेवायच्या आधी मृण्मयीने सँडल काढल्या, घड्याळ काढलं, झुमके काढून पर्समध्ये टाकले आणि जरा विचार करून ओढणीसुद्धा खुर्चीवर ठेवली. आता ओढणीचं वजन असून असून किती असणार! पण काटा शंभराच्या पुढे जायला लागला की माणूस ग्रॅमा-ग्रॅमाची आशा करतो.

"केसांतला क्लचर राहिला," मागून आवाज आला.

ती गर्रकन वळली. वजन कमी करायच्या शस्त्रक्रिया जिथे होतात, तिथले सोफे मुद्दाम बिनहातांचे आणि रुंद असतात. तशा एका सोफ्यावर एक गोरागोमटा, गुबगुबीत तरुण ऐसपैस बसला होता. हसला की त्याच्या दोन्ही गालांना खळ्या पडत होत्या.

"तुम्हाला काय करायचंय?" मृण्मयी फणकारली.

"काही नाही हो. पण हा काटा पाऊण किलो जास्त दाखवतोय. माझा धंदाच आहे तो. चांदवडपासून इकडे नाशिकपर्यंत कांद्याचे सगळे भुईकाटे मी दुरुस्त करतो. म्हटलं, तुम्हाला सांगावं… जरा बरं वाटेल."

तिला राग यायला हवा होता. पण हसू आलं, आणि तेही असं फुटलं की काउंटरवरच्या मुलीने मान वर करून पाहिलं. त्या इमारतीत हसू क्वचितच ऐकू येत असावं.

त्याचं नाव ललित. ती मृण्मयी, शाळेत चित्रकला शिकवणारी, पंचवटीतल्या वेणीमाधव गुरुजींची मुलगी. गुरुजी रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करायचे. घरी रोज कुणा ना कुणाकडचे लाडू, पुऱ्या, खीर येणार आणि "टाकू नये गं, प्रसाद आहे" म्हणत ते मृण्मयीच्या पानात पडणार. लहानपणापासून तिने एवढा प्रसाद खाल्ला होता की देवाने खरं तर तिच्यावर खूश असायला हवं होतं.

तपासण्या झाल्यावर दोघं खालच्या कँटीनमध्ये बसले. बिनसाखरेची कॉफी आली. डॉक्टरबाईंनी दोघांनाही शस्त्रक्रियांचे प्रकार सांगितले होते आणि मृण्मयीच्या डोक्यात त्याचा नुसता काला झाला होता.

"थांबा, काढून दाखवते," म्हणत तिने टिश्यूपेपर पुढे ओढला. पर्समध्ये पेन्सिल असायचीच. "हा फुगा. पोटात सोडायचा, सहा महिन्यांनी बाहेर काढायचा. हे दुसरं स्लीव्ह. यात जठराचा मोठा भाग कापूनच टाकतात, उरतं ते असं… केळ्यासारखं."

"वेलची केळं की बसराई?"

"गप्प बसा. आणि हा बायपास. जठराची वर एवढीशी पिशवी करायची आणि आतडं थेट तिला जोडायचं."

"मला बायपासच सांगितलाय," ललित म्हणाला. "साखर फार आहे माझी. तुम्हाला?"

"मला म्हणाल्या, फुग्याने तुमचं भागणार नाही. उरलेल्या दोन्हींतलं काहीही चालेल, पण छातीत जळजळ होत असेल तर बायपास. स्लीव्हने ती वाढू शकते."

"मग होते का जळजळ?"

मृण्मयी टिश्यूवरचं केळं उगाचच गडद करत राहिली. "कधी कधी…"

खरं म्हणजे रोज व्हायची. पर्समध्ये पेन्सिलीशेजारी इनोची पाकिटं असायची. पण डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती "नाही" म्हणून मोकळी झाली होती. एंडोस्कोपीतही विशेष काही दिसलं नव्हतं, त्यामुळे तिचं "नाही" खपून गेलं.

का म्हणाली असेल ती असं? तर ऐका. घरी तिची आई, सुमेधाबाई. त्यांनी आधी फुग्याचा हट्ट धरला होता. "सहा महिन्यांत काढूनही टाकतात, छान! तेवढ्यात लग्न उरकून घेऊ." फुगा रद्द झाला तेव्हा त्यांनी स्लीव्ह धरलं. बायपासनंतर व्हिटॅमिनच्या गोळ्या आयुष्यभर, चुकवून चालत नाही. स्लीव्हनंतरही गोळ्या असतात, पण सुमेधाबाईंनी त्यातलं 'कमी' एवढंच ऐकलं.

"अगं, सासरी रोज सकाळी मूठभर गोळ्या गिळताना दिसलीस तर विचारणार नाहीत का? स्लीव्हचं कुणाला कळत नाही. आपण सांगू, इगतपुरीच्या पुढे निसर्गोपचाराला गेली होती."

झालं! पोट मृण्मयीचं, पण त्याचा निर्णय होत होता अजून न ठरलेल्या सासूच्या सोयीने. आणि आमची ही शहाणी मुलगी त्याला मान हलवत होती, कारण तिलाही तेच हवं होतं. आपण जन्मतःच अशा बारीक आहोत असं कुणीतरी समजावं, एवढीच तिची इच्छा.

ललितचा प्रकार वेगळा. त्याने चांदवडला गावभर सांगून टाकलं होतं. "पोट लहान करून घेतोय, कुणाला काही खिलवायचं असेल तर आत्ताच बोलवा." त्यातूनच त्या दोघांचे निरोपाचे रविवार सुरू झाले. एका रविवारी मिसळीचा निरोप, पुढच्या रविवारी जिलबीचा, मग साबुदाणावड्याचा. आहारतज्ज्ञ पायलमॅडमना वास लागला तेव्हा त्या कडाडल्या, "हे काय चाललंय? एकेका पदार्थाचे निरोप समारंभ करताय का?" दोघांनी शाळकरी पोरांसारख्या माना खाली घातल्या. बाहेर आल्यावर ललित हळूच म्हणाला, "कांदाभजी राहिलीत अजून…" आणि मृण्मयीला भिंत धरून हसावं लागलं.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलं नाही. त्याच्यासमोर ती दुसरी वाटी मागू शकायची. जिना चढून धाप लागली की तो आधी थांबायचा, "दमलो बुवा" म्हणायचा, म्हणजे तिला म्हणावं लागू नये. असली माणसं शोधून सापडत नाहीत. पण ज्याला सापडतात त्याला ते त्या वेळी कळेल तर ना!

शेवटचा रविवार श्रावणातला. दुसऱ्या दिवसापासून दोघांचा पातळ आहार सुरू होणार होता. गंगापूर धरणाच्या बाजूला रिमझिम चालली होती. एकाच छत्रीत दोघं मावत नव्हते, म्हणून छत्री मिटून सरळ भिजत बसले होते. भाजलेल्या कणसावर लिंबू-तिखट चोळलेलं. मृण्मयीने अर्धं कणीस संपवलं आणि तिचा हात आपसूक छातीवर गेला.

"पुन्हा जळजळ?" त्याने विचारलं.

"थोडीशी."

"मृणू, डॉक्टरांना सांग ना खरं. स्लीव्ह करू नकोस. पुढे त्रास होईल तुला."

"आणि त्या गोळ्या? लोकांना काय सांगू?"

तो कणीस बाजूला ठेवून, तिखटाने लाल झालेला हात पँटला पुसत म्हणाला, "लोकांना कशाला सांगायचं… माझ्याशी लग्न कर. मलाही घ्यायच्याच आहेत. सकाळी चहाबरोबर आपण दोघं बसून घेऊ. तू विसरलीस तर मी देईन, मी विसरलो तर तू ओरड. माझ्या घरात तुला काही लपवावं लागणार नाही."

पावसाचे थेंब तिच्या पापण्यांवरून ओघळत होते, त्यामुळे रडू आलं तरी दिसणार नव्हतं. कुणी इतकं साधं, इतकं गोड मागेल असं तिला वाटलंच नव्हतं. तोंडाशी 'हो' आलं होतं, अगदी ओठांवर.

पण तेवढ्यात तिला डोळ्यांसमोर मांडव दिसला. मांडवात ती, आताची, एवढीच्या एवढी. शेजारी तो, तेवढाच्या तेवढा. आणि मागच्या रांगेत तोंडावर पदर धरून हसणाऱ्या बायका.

"बारीक झाल्यावर सांगते," ती म्हणाली.

"काय?"

"ऑपरेशन होऊ दे. मी नीट दिसायला लागू दे. मग सांगेन ना… नक्की सांगेन."

ललितच्या गालावरच्या खळ्या गेल्या. "म्हणजे आत्ता माझ्या शेजारी बसलीय तिला उत्तर द्यायचं नाही? मी तर तिलाच विचारलंय, मृणू."

"तसं नाही रे—"

"असू दे," तो म्हणाला. "मी थांबतो."

मृण्मयीने स्लीव्ह केलं. ललितने बायपास केला. पहिल्या महिन्यात रोज फोन व्हायचे. कुणी किती घोट सूप प्यालं, कुणाच्या पँटला पट्टा लागायला लागला. दिवाळीत त्याने विचारलं, "झालीस का बारीक?" ती हसत म्हणाली, "अजून दहा किलो." ते दहा गेले. संक्रांतीला त्याने पुन्हा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "थोडंसंच राहिलंय रे… दंड अजून तसेच आहेत." त्यानंतर त्याने विचारलं नाही. तिला वाटलं, थांबलाय. थांबतो म्हणाला होता ना!

वाट बघणाऱ्या माणसालाही दिवस मोजावे लागतात, हे तिच्या डोक्यात आलं नाही. आरशात ती रोज नवी दिसत होती आणि त्या नवलाईत गुंग होती. गुढीपाडव्याला फोन नाही, म्हणून ती रुसली. रुसली म्हणून तिनेही केला नाही. आणि मग खूप दिवस गेल्यावर करायची लाज वाटायला लागली. मधे एक पुण्याचं स्थळ येऊन गेलं. "अंगकाठी नाजूकच आहे हो, पहिल्यापासून," सुमेधाबाई बिनदिक्कत म्हणाल्या. पोह्याचे दोन घास खाल्ल्याबरोबर मृण्मयीच्या घशाशी आंबट आलं आणि तिला उठून आत पळावं लागलं. बेसिनपाशी उभी असताना तिला फक्त एकच माणूस आठवला, ज्याच्यासमोर असं पळावं लागलं नसतं. त्याच संध्याकाळी तिने त्या स्थळाला नकार कळवला, आणि आईला बजावलं की यापुढे कुणापासून काही लपवायचं नाही. पण ललितला फोन करायला अजूनही हात धजेना.

जळजळ वाढतच गेली. रात्री उशा रचून बसून झोपावं लागायचं. शेवटी दोन वर्षांनी ती त्याच डॉक्टरबाईंसमोर बसली आणि पहिल्यापासूनचं सगळं खरं सांगितलं. बाईंनी चष्मा काढला. "हे तेव्हाच सांगितलं असतंस तर, मृण्मयी… आता स्लीव्हचं बायपासमध्ये रूपांतर करावं लागेल. होतं ते. पण दुसऱ्यांदा पोट उघडायचं."

ती आणि सुमेधाबाई भरतीच्या कागदांसाठी बाहेर थांबल्या होत्या, तेव्हा समोरून ललित आला. तिने त्याला चालीवरून ओळखलं नाही, खळ्यांवरून ओळखलं. निम्मा झाला होता. शर्ट खांद्यावरून ओघळत होता.

"मृणू?" तो पायऱ्यांपाशीच थांबला.

ती धडपडत उठून त्याच्याकडे गेली. "बरा आहेस?"

"मस्त. इन्सुलिन सुटलं. दोन वर्षांच्या तपासणीला आलो होतो. आणि तू इथे?"

"बायपास करून घेतेय. तू सांगितला होतास तो."

'मी म्हणत नव्हतो?' असं तो म्हणाला नाही. तसं म्हणाला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"ललित, माझं उत्तर…" ती म्हणाली. "हो होतं रे. धरणावर बसलो होतो ना, तेव्हाच हो होतं. मला नुसतं छान दिसून सांगायचं होतं."

त्याने मान खाली घातली. वर पाहिलं तेव्हा त्याचे डोळे भरले होते. "तू छानच दिसत होतीस गं. कणसाचे दाणे लागले होते हनुवटीला." मग म्हणाला, "वैशाखात लग्न झालं माझं. स्नेहल नाव तिचं. खाली गाडीत बसलीय."

"चांगली आहे?"

"चांगली आहे," तो म्हणाला. ते खरं होतं, हे त्याच्या आवाजातच कळत होतं. "मी खूप थांबलो, मृणू. मग मला वाटलं, बारीक झाल्यावर मी तुला पुरेसा वाटत नसेन."

"नाही रे… नाही!"

"आता कळलं." तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "नीट कर ऑपरेशन. गोळ्या चुकवू नकोस."

तो पायऱ्या उतरून गेला. आता त्याला धाप लागत नव्हती, मधे थांबायची गरज नव्हती. मृण्मयी तो दिसेनासा होईपर्यंत कठड्याला धरून उभी राहिली, मग परत सोफ्याकडे आली. शेजारी आणखी दोन-तीन पेशंट बसले होते, समोर काउंटरवरची मुलगी होती. सगळ्यांचं लक्ष होतं.

"कोण गं तो?" सुमेधाबाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

मृण्मयीने डोळे पुसले नाहीत आणि आवाजही खाली आणला नाही.

"ज्याला मी हो म्हणायला हवं होतं, तो, आई."

सुमेधाबाईंनी मांडीवरची फाइल बाजूला ठेवली आणि लेकीला जवळ बसायला जागा करून दिली.