सीलच्या गुहेतले कानखडे

मार्युन गुहेत चालली होती ती सीलची विष्ठा आणायला! ऐकून सगळं गाव हसलं. मच्छीमार हल्लुर तेवढा हसला नाही.

"मीही येणार," तो म्हणाला. "सभेत तू काहीही सांगशील, पोरी. मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय."

फेरो बेटांवरच्या त्या गावात जाळ्यांत कॉड मासा येईनासा झाला होता आणि सगळा राग मासे खाणाऱ्या सीलांवर निघत होता. गुहेतले सील मारायचे की नाही, हे रविवारच्या सभेत ठरणार होतं. मार्युनचं काम माशांच्या संशोधनाचं. सीलच्या पोटात मासा विरघळतो, पण माशाच्या कानातला चुन्याचा खडा बऱ्याचदा तसाच बाहेर पडतो. प्रत्येक जातीच्या खड्याचा आकार वेगळा. तो पाहिला की सीलने काय खाल्लं ते कळतं. सील निर्दोष असणार, असं तिला मनातून वाटत होतं. हल्लुरला तितकंच ठाम वाटत होतं की तेच चोर आहेत.

मार्युनच्या ट्रोंदुरकाकाने होडी कड्याखाली आणून उभी केली. समोर काळ्या पाषाणात गुहेचं तोंड होतं, जेमतेम दोन माणसं वाकून जातील एवढं. लाट आली की ते निम्मं बुडायचं आणि आतून कुणीतरी खोल श्वास सोडावा तसा आवाज यायचा.

"समुद्र फुगतोय," काका म्हणाला. "मी दोरी ओढली की हातातलं टाकून निघायचं. आणि सील आणि पाणी यांच्या मधे उभं राहू नका!"

पाण्यावर तरंगवणाऱ्या पोशाखात दोघं रबरी होडक्यात बसली. होडक्याची दोरी काकाच्या हातात होती. एका लाटेने त्यांना उचललं आणि आत फेकलं.

आत काळोख होता. कुजक्या मासळीचा वास नाकात भरला. दिव्याच्या झोतात गोट्यांचा छोटा किनारा दिसला आणि त्यामागे चमकणारे डोळे. कितीतरी डोळे! मार्युन भिंतीला चिकटून पुढे सरकली आणि विष्ठा खरवडून पिशवी भरू लागली. हल्लुर मागे दिवा धरून उभा होता.

"पुरे झालं, पोरी," तो कुजबुजला.

तेवढ्यात गुहेच्या तोंडावर लाट आदळली. तिथून येणारा अंधुक उजेडही गेला, कान गच्च बसले. सील बिथरले!

"भिंतीला! भिंतीला चिकट!" हल्लुरने ओरडून सांगितलं.

दिवा पडला. विझला. अंधारात प्रचंड धुडं गोट्यांवरून धडधडत आली. गरम, घाणेरडा श्वास मार्युनच्या गालावर आला. काहीतरी ओलं, जड तिच्या पायांना घासून गेलं. तिने डोळे घट्ट मिटले. शेजारी हल्लुर कळवळून ओरडला. मग पाण्यात धप्प, धप्प, धप्प आवाज झाले आणि सगळं शांत झालं.

"हल्लुर! आहात ना?"

"आहे. खांदा गेला वाटतं."

तोंडाकडून पुन्हा अंधुक उजेड आला. होडकं उलटून फाटलं होतं, पण दोरी शाबूत होती आणि काका ती जोरजोरात हिसकत होता. आता बाहेर जायचं ते पाण्यातूनच! पिशवी खांद्याला अडकवून मार्युनने दोरी धरली. मागे हल्लुरने एका हाताने धरली. लाट ओसरली आणि काकाने ओढायला सुरुवात केली.

तोंडापाशी आल्यावर पिशवीचा पट्टा कपारीत अडकला. तिने हिसडा दिला. सुटेना! वरून पुढची लाट आली. पाणी डोक्यावरून गेलं. नाकातोंडात खारट पाणी, छातीत आग. मरणार आपण, इथेच! इतक्यात खांद्याजवळ सुरीचं पातं चमकलं. पट्टा तुटला. ती एकदम मोकळी झाली आणि उजेडात वर आली.

काकाने तिला होडीत खेचलं. पिशवी गेली होती. हल्लुरही दिसत नव्हता.

"हल्लुर!" ती किंचाळली.

पाण्यातून आधी त्याचं डोकं वर आलं. मग पिशवी. तिचा तुटका पट्टा त्याच्या दातांत होता!

घरी काकाच्या स्वयंपाकघरात मार्युनने सगळं चाळणीत धुतलं. काळ्या ताटलीत खडे उरले. बहुतेक तांदळाच्या कणीएवढे, गुळगुळीत, निमुळते. ते वाळूत लपणाऱ्या बारक्या माशांचे होते. ती मनात हसली. मग तिच्या चिमट्यात एक जाड, लांबट खडा आला. तसेच आणखी काही होते. कडा झिजलेल्या होत्या. ओळखता येत नाही म्हटलं असतं, तर तिला कोण विचारणार होतं?

हल्लुर खांदा बांधून समोर बसला होता. तिने खडा उलटा केला. एका बाजूची नागमोडी कड अजून शिल्लक होती.

"हा कॉड," ती हळूच म्हणाली. "हेही कॉडच."

हल्लुरने ताटलीतल्या बारक्या खड्यांकडे बोट दाखवलं. "आणि हा एवढा ढीग?"

"बारके मासे. कॉड त्या मानाने थोडे."

"सभेत काय सांगशील?"

"दोन्ही."

सभेत तिने दोन्ही सांगितलं: सील कॉड खातात, पण पोट भरतात ते बारक्या माशांवर. मागून कुणीतरी ओरडलं, "चार खडे बघून हिला काय कळतंय!"

हल्लुर उठला. "ते खडे कुठून आणले ते मला विचार. आधी त्या गुहेत जाऊन ये, मग बोल. दोरी मी धरतो!"

कुणीच पुढे आलं नाही. सील मारायचे नाहीत असं ठरलं आणि त्या वर्षी बंदुका घरीच राहिल्या.