बाबांनी "सोड" म्हणेपर्यंत

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. मी शपथा घालत बसणार नाही. एवढंच सांगते, की हे रात्रीबेरात्री घडलेलं नाही. रविवारची भर दुपार होती, आमच्या घरामागची शेड होती, आणि पानेकाका साक्षीला होते. पानेकाका म्हणजे आमचे जुने मेकॅनिक. खिशात पाना नसेल तर त्यांना जेवण जात नाही.

आधी आईबद्दल सांगायला हवं.

बाबांची जुनी गाडी होती. गोल दिव्यांची, फुगीर गालांची. ती ट्यून करायची म्हणजे माणसं दोन लागायची. बाबा बॉनेटखाली डोकं घालणार आणि आई ड्रायव्हरच्या सीटवर बसणार. तिला गाडी चालवता येत नव्हती. पण "धर" म्हटलं की अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरायची. बाबांच्या वतीने मी ओरडले तरी धरायची. "सोड" मात्र बाबांच्याच तोंडचं लागे.

मी मुद्दाम "सोड" ओरडले की म्हणायची, "तू गप गं. ते सांगतील तेव्हा सोडेन."

शेवटच्या वेळी बाबांनी "सोड" म्हटलं... आणि इंजिन ओरडतच राहिलं.

"अगं, बहिरी झालीस का? सोड म्हणतोय ना!"

आईचं डोकं स्टिअरिंगवर टेकलेलं होतं. पाय तसाच पेडलवर.

तिच्याशी बाबांचं शेवटचं बोलणं ते. त्यानंतर गाडी वर्षानुवर्षं शेडमध्ये पडून राहिली. इंजिन पार जाम झालं.

यंदा बाबांचं हृदय थकलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन काय ते सांगितलं. बाबांनी एकच मागितलं.

"कानात अजून तोच आवाज आहे गं. एकदा ते इंजिन सुरू होऊन शांत झालेलं ऐकू दे."

मी पानेकाकांना गाठलं. त्यांनी इंजिन उतरवलं, पिस्टन, रिंगा, बेअरिंगं सगळं नवं घालून परत बसवलं. चावी फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू!

आणि लगेच... रेस चढली. उतरेचना.

काकांनी अ‍ॅक्सिलरेटरची वायर बघितली. मोकळी होती. स्प्रिंग बदलली. कुठून जास्तीची हवा खेचतंय का, म्हणून गॅस्केटं पुन्हा बसवली. कार्बोरेटर खोलून धुतला. टायमिंग परत लावलं. चावी फिरवली की पुन्हा तेच.

"असंच ओरडत राहिलं तर सगळं काम मातीत जाईल," काका वैतागून म्हणाले.

त्या रविवारी काका बॉनेटपाशी होते. मी गाडीचं दार उघडलं, बाहेरूनच चावी फिरवली आणि खाली वाकून बघितलं. सीट रिकामी होती.

पेडल... तळाला टेकलेलं होतं.

मी बोटांनी वर ओढलं. येईना. अडकलेलं पेडल हाताला कळतं हो. हे अडकलेलं नव्हतं. हे कुणीतरी दाबून धरलं होतं. आणि सीटला मधोमध खळगा पडला होता.

"काका..."

काका आले. त्यांनी बघितलं, आणि हातातला पाना खाली पडला.

मागे बाबा उभे होते. पलंगावरून उठून, भिंत धरत धरत आलेले. सरळ गाडीपाशी गेले.

"अजून धरूनच बसलीस होय गं?"

इंजिन ओरडत होतं. बाबा रडत होते.

"चुकलं माझं. ओरडायला नको होतं तुझ्यावर. पाय दुखला असेल ना... सोड आता."

पेडल... हळूहळू वर आलं.

रेस उतरली. इंजिन इतकं शांत झालं, की बाबांचा श्वास ऐकू यायला लागला. सीटवरचा खळगाही भरून आला. बाबा गाडीच्या टपावर हात ठेवून कितीतरी वेळ ऐकत राहिले.

थोड्याच दिवसांत बाबा गेले. झोपेतच गेले.

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण दोघंही नसलेलं घर खायला उठतं. परवा शेडमध्ये गेले आणि गाडी सुरू केली. अगदी शहाण्यासारखी चालत होती. खाली उतरून बॉनेटपाशी उभी राहिले, आणि काय बुद्धी झाली कोण जाणे, लहानपणी ओरडायचे तसं ओरडले, "आई, धर गं!"

काहीच झालं नाही...

मग रेस चढली.

मी ढसाढसा रडले. आनंदाने रडले, खोटं कशाला सांगू! माझी आई आली होती. मग डोळे पुसले आणि म्हटलं, "सोड, आई."

इंजिन ओरडतच राहिलं.

"आई, सोड ना गं..."

शेवटी मी चावीच काढून घेतली. इंजिन बंद पडलं.

आज सकाळी पानेकाकांना नेऊन दाखवलं. त्यांनी वाकून पेडल बघितलं. टोपी काढून नुसते उभे राहिले.

गाडी बंद आहे. पेडल अजून खालीच आहे.

आणि बाबा नाहीत. तिला "सोड" कुणी म्हणायचं?