विमानाचं नाक चोंदलं!

"ताई, विमानाच्या खिडकीतून हात बाहेर काढला तर ढग हाताला लागतो का गं?" शंकासुराने विचारलं.

"वेडा की खुळा तू! खिडकी उघडली तर वारा तुझे सगळे प्रश्न उडवून नेईल!"

"मग बरंच होईल. आम्हाला सुट्टी!" आतेभाऊ गोगलगाय नळाजवळून ओरडला.

भिंगरीने धाकट्या भावाला टपली मारली, आतेभावाला जीभ दाखवली आणि पुन्हा वेणी घातली. सकाळपासून किती वेळा घातली कोण जाणे! आज, अगदी आज, ती विमानात बसणार होती!

आत्याचं घर धावपट्टीच्या कडेलाच होतं. आत्या छोटी विमानं चालवायला शिकवायची. एकच इंजिन, नाकावर एकच पंखा, आत जेमतेम चार खुर्च्या. सुट्टीभर भिंगरी कुंपणाला नाक लावून ती बघत बसली होती. विमान जमीन सोडून वर गेलं की तिच्या पोटातलं काहीतरी त्याच्यामागे धावत सुटायचं. मग विमानाचा ठिपका व्हायचा, ठिपकाही पुसला जायचा, आणि ते पोटातलं बिचारं एकटंच परत यायचं.

आत्याकडे हट्ट करून उपयोग नव्हता. "माझ्या विमानात विद्यार्थी बसतात, भाचरं नाहीत," हे ठरलेलं उत्तर. पण घाईकाका भेटले! आत्याचेच जुने विद्यार्थी, आता स्वतःचं पांढरंशुभ्र विमान बाळगणारे. "चल गं, खाडीपलीकडच्या गावाला. संध्याकाळी परत!" ते सहज म्हणाले. आईबाबांनी फोनवर हो म्हटलं. आत्यानेही शेवटी मान हलवली. "पण तपासणी नीट करूनच निघायचं," अशी पुस्ती जोडली आणि ती एका विद्यार्थ्याला घेऊन उडाली.

आणि काकांचा अजून पत्ता नव्हता!

"ए, इकडे या ना," गोगलगाय नळाखालच्या चिखलाशी उकिडवा बसला होता. तो हात धुवायला गेला की तिथला प्रत्येक किडा ओळखीचा करूनच परत यायचा. "ही कुंभारीण माशी बघा. चिखलाची गोळी करून नेते आणि घर बांधते. परवा कॅन्टीनच्या खिडकीत बांधत होती, तर तिथल्या मावशींनी ते खरवडून टाकलं. आता नवी जागा शोधलीय, पण कुठे तेच सापडत नाहीये."

"तुला माशीचा पत्ता हवाय? पत्र पाठवणार आहेस?"

"हसू नकोस! कालपासून तिच्या मागावर आहे मी."

वेळ तर काढायचाच होता. मग तिघांनी पहारा लावला. गोगलगाय नळापाशी, शंकासुर कॅन्टीनच्या कोपऱ्यावर आणि भिंगरी विमानं उभी करतात त्या फरशीवर.

"सुटली!" गोगलगाय ओरडला.

"आली! आई गं, माझ्या कानाजवळून गेली! ताई, तुझ्याकडे येतेय!"

भिंगरीला ती दिसली. बारीक कंबरेची, पिवळी-काळी, तोंडात ओली गोळी. सरळ आली आणि काकांच्या पांढऱ्या विमानाच्या डाव्या पंखाखाली गडप!

भिंगरीने वाकून पाहिलं.

पंखाखाली बोटाएवढी नळी होती. पहिल्याच दिवशी शंकासुर त्या नळीत फुंकर मारायला निघाला होता, तेव्हा आत्याने त्याचा कान धरून सांगितलं होतं, "हे विमानाचं नाक आहे! समोरचा वारा यातून आत जातो आणि वैमानिकाला आपला वेग कळतो. नाकाशी खेळ नाही!" विमान उभं असताना त्या नळीवर लाल फितीची टोपी घालायची असते. काकांनी ती केव्हाच हरवली होती. "टोपीवाचून काय सर्दी होणार आहे त्याला!" असं म्हणून ते खो खो हसलेही होते.

आता त्या नळीच्या तोंडाशी ओला चिखल होता. गुळगुळीत, नीट लिंपलेला.

"नाक चोंदलं!" शंकासुर धापा टाकत म्हणाला. "काकांना सांगायला हवं!"

"ते... ते तपासतीलच की," भिंगरी म्हणाली.

"आणि नाही तपासलं तर?"

"तपासतील म्हटलं ना!"

स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. सांगितलं तर काय होईल, ते तिला पक्कं ठाऊक होतं. विमान उडणार नाही. उद्या सुट्टी संपणार. परवा शाळा, बाक, फळा, आणि खिडकीतून दिसणारं रिकामं आभाळ.

"चला चला चला! वेळ नाही!" घाईकाका आले ते धावतच. एका हातात बॅग, दुसऱ्यात रंगीत कागदात गुंडाळलेलं खोकं. त्यांनी चाकाला लाथ मारली, पंखावर थाप मारली, शेपटीची दोरी सोडली. झाली तपासणी! "बस गं पटकन!"

भिंगरी बसली. हो, बसली! पट्टा लागला, समोर गोल गोल काटे चमकले आणि पोटातलं ते वेडं काहीतरी उड्या मारायला लागलं.

बाहेर शंकासुर ओरडत होता, "काका, नाकात चिखल आहे! माशीने घर केलंय!"

"वाऱ्याने उडून जाईल रे!" काका हसले. "इतकी वर्षं उडवतोय, वेग मला बुडाखालच्या खुर्चीवरून कळतो. तुम्ही दोघं हटा पाहू लांब!" मग दार ओढून घेत ते भिंगरीला हळूच म्हणाले, "माझी लेक आज पहिल्यांदा एकटी गाणार आहे. ती आईकडे असते ना, तिकडे. गेल्या वर्षी मी पोचलोच नाही. आज तिने पहिल्या रांगेत माझी खुर्ची धरून ठेवलीय."

भिंगरीने त्यांच्याकडे पाहिलं. काका खाडीच्या दिशेने बघत होते, अगदी कुंपणाला नाक लावून बघितल्यासारखे!

अरे देवा! यांनाही जायचंच आहे आणि मलाही जायचंच आहे. मग नको म्हणणार कोण?

मी उतरले तर हे एकटे जातील. आणि मग पहिल्या रांगेतल्या त्या खुर्चीत कोण बसेल?

काकांचा हात चावीकडे गेला.

"काका! मला शू लागली!"

"काय? आत्ता?"

"खूप! खुर्ची नवी आहे ना तुमची?"

काकांनी नव्याकोऱ्या खुर्चीकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "पळ! आणि लवकर ये!"

भिंगरीने उडी मारली. भावांच्या जवळून पळताना ती पुटपुटली, "इंजिन बंद आहे तोवर शेपटी बांधा! आत्या येईपर्यंत सुटता कामा नये!"

गोगलगाय जन्मात पहिल्यांदाच धावला! त्याने शेपटीची दोरी जमिनीतल्या कडीत ओवली आणि गाठीवर गाठ, गाठीवर गाठ मारली. शंकासुर पुढे जाऊन काकांच्या खिडकीशी उभा राहिला.

"काका, पंखा उलटा फिरला तर विमान मागे जातं का?"

"नाही."

"का?"

शेवटी कंटाळून काका खाली उतरले, तर शेपटीला गाठोडं! "कोणी केला हा चावटपणा? सोडा आधी! मला उशीर होतोय!"

"नखं लहान आहेत माझी," गोगलगाय शांतपणे म्हणाला.

काका गाठींशी झटापट करत असतानाच आत्याचं विमान उतरलं. तिने एक नजर गाठींवर टाकली, एक तिघांवर. भिंगरी लाल डोळ्यांनी परत आली होती. तिने पंखाखाली बोट दाखवलं.

विमानं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी नळी सोडवून आणली आणि जपून कोरली. आतून चिखलाचा खडा निघाला, त्यामागे गुंडाळलेली हिरवी अळी.

"कुंभारणीने पिल्लासाठी ठेवलेला डबा," गोगलगाय हळहळला.

"नळी बुजली की वेगाचा काटा खोटं बोलतो," आत्या म्हणाली. "कधी मेल्यासारखा पडून राहतो, कधी नसलेला वेग दाखवतो. आपण भलत्याच जोरात आहोत असं समजून माणूस विमान हळू करत जातो, आणि मग हवा पंखांना पेलत नाही, विमान कोसळतं. धावपट्टीवर काटा हलला नसता, तर थांबला असतास तू?"

काकांनी घड्याळाकडे पाहिलं. हातातल्या दोरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाही, बाई. नसतो थांबलो."

"नळी माशीने बुजवली. तुला कोणी बुजवलं?"

काकांनी दोरी खाली टाकली. बाजूला जाऊन त्यांनी फोन लावला. "बाळा, गाणं संपेपर्यंत नाही पोचणार गं मी... नाही नाही, येतोय. बसने येतोय. तू नुसतं माझ्यासाठी पुन्हा म्हण."

निघताना ते भिंगरीपुढे थांबले. "खरं सांग, लागली होती का तुला?"

"नव्हती!"

"मग एवढा वेळ आत काय करत होतीस?"

"रडत होते."

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, खोकं काखेत मारलं आणि बसथांब्याकडे निघाले. चालतच, अजिबात न धावता.

आत्याने तिघांना जवळ ओढलं. "माशीमागे दोन दिवस लागणारा हा, पिच्छा न सोडणारा तो, आणि खुर्चीत बसून पुन्हा उतरणारी ही! माझ्या अर्ध्या विद्यार्थ्यांना हे जमत नाही, सांगून ठेवते!"

"मग ताई कधी उडणार?" शंकासुराने विचारलंच.

"मोठी होऊन माझ्याकडे शिकायला येईल तेव्हा. नको म्हणायला तर आजच शिकली."

"पण आत्या, नको म्हणताना मला रडू येतं!" भिंगरी म्हणाली. वर आभाळ निळंशार आणि रिकामं होतं, आणि बघता बघता तिचे डोळे पुन्हा भरले. "ते कधी थांबतं?"

आत्याने गॉगल काढला. तिनेही वर पाहिलं.

"मला अजून येतं गं," ती म्हणाली. "आधी विमान बांधून ठेवायचं. मग रडायचं."